पराभूतांचे दप्तर

मराठी वाचकास हिब्रू धर्मग्रंथाचा परिचय बहुधा एका काळ्या बांधणीच्या जाड पुस्तकाच्या पूर्वार्धातून होतो. पुस्तकाचे नाव पवित्र शास्त्र आणि पूर्वार्धाचे नाव जुना करार. हे नाव देतानाच निकालही देऊन टाकलेला आहे. त्याच्यामागून नवा करार आला व त्याने पहिल्याची पूर्तता केली, असे जे मानतात त्यांच्या दृष्टीने तो जुना. ज्या लोकांनी तो लिहिला, जपला, आणि ज्याचे भाग ते आजही दर शनिवारी सभास्थानात मोठ्याने वाचतात, त्यांच्या लेखी तो जुना नाही आणि कशाचा पूर्वार्धही नाही. ते त्यास तनख म्हणतात. तोरा म्हणजे शिकवण किंवा नियमशास्त्र, नवीईम म्हणजे संदेष्टे आणि कतूवीम म्हणजे लेख, या तीन विभागांच्या आद्याक्षरांपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. यहुदी गणनेने त्यात २४ पुस्तके आहेत. प्रॉटेस्टंट गणनेने तीच ३९ होतात; कारण शमुवेल, राजे व इतिहास यांचे दोन दोन भाग पाडले, एज्रा आणि नहेम्या वेगळे केले व १२ लहान संदेष्टे सुटे मोजले.

मजकूर तोच ठेवून नुसता क्रम बदलला तरी ग्रंथाचा रोख कसा बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. ख्रिस्ती क्रमात संदेष्टे शेवटी ठेवले आहेत. मलाखीच्या पुस्तकात एलीया पुन्हा येईल असे आश्वासन आहे, आणि पान उलटले की शुभवर्तमान सुरू होते. हिब्रू क्रमात संदेष्टे मध्ये येतात, आणि छापील परंपरेत अखेरचे पुस्तक इतिहास हे असते. त्या शेवटच्या पानाकडे आम्ही शेवटीच येऊ.

तूर्त आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. या ग्रंथाची थोरवी बहुधा त्यातील एकेश्वरी श्रद्धेत किंवा नीतिवचनांत शोधली जाते, आणि ती तेथे नाही असे कोण म्हणेल? परंतु वाङ्मय या दृष्टीने पाहता त्याचा सर्वांत दुर्मिळ गुण वेगळाच आहे. ज्यांनी हे दप्तर जमविले त्यांनी त्यातील प्रतिकूल शेरे काढून टाकले नाहीत. सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली त्यांस या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

हा ग्रंथ मराठीत आला तो मराठी मुलुखाबाहेरून, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरीने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले व पुढे उरलेल्या शास्त्राकडे तो वळला. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले, आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक कोकणातील बेने इस्राएल समाज हे होते. अलिबागेच्या आसपास तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि म्हणून शनिवार तेली म्हणविले जाणारे हे लोक शतकानुशतके मराठी बोलत होते. ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हता. शब्बाथ, सुंता, काही उपासतापास आणि एक प्रार्थना एवढे उरले होते. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू मूळ व मराठी भाषांतर अशी शिळाप्रेसवर छापली गेली, आणि १८८० च्या सुमारास योसेफ, मोशे, दावीद यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तने उभी राहिली. पुढे पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून सबंध शास्त्राचे भाषांतर एकटीने केले. १९२२ मध्ये मृत्यू येण्याच्या थोडेच आधी ते पुरे झाले व १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतच्या पंडितेने साध्या बायाबापड्यांस कळेल अशी भाषा योजण्याचा आग्रह धरावा, याचे नवल वाटून आमचे समीक्षक तेवढ्यावर थांबले. त्या भाषांतराचा वाङ्मयीन विचार मराठीत फारसा झालाच नाही.

वास्तविक मराठी वाचकास या गद्याची गोडी लवकर लागावी. हिब्रू कथनाची वाक्ये आखूड असतात व ती एका अव्ययाने एकामागून एक ओवलेली असतात. विशेषणे जवळजवळ नाहीत. माणसाच्या मनात काय चालले आहे हे लेखक क्वचितच सांगतो. तो काय बोलला, कोठे गेला, किती दिवस लागले हे सांगतो आणि बाजूस होतो. म्हाइंभटाचे लीळाचरित्र ज्याने वाचले आहे त्यास ही रीत परकी वाटणार नाही. जे घडले ते घडले तसे टिपून ठेवावे, आपल्याकडून रंग भरू नये, ही एक श्रद्धाच तेथेही आहे. आमच्या बायबलातील मराठीची थट्टा करण्याची एक जुनी खोड आहे. ती थट्टा पुष्कळदा त्या भाषांतराची नसते, मूळ हिब्रू वाक्यरचनेचीच असते, हे थट्टा करणारास माहीत नसते.

आता दप्तराकडे वळू. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सत्तेने उत्तरेचे इस्राएल राज्य बुडविले, इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने दक्षिणेतील यहूदाची राजधानी यरुशलेम व तेथील मंदिर जाळले. राजा, दरबारी, कारागीर, लेखक यांस बाबेलास नेण्यात आले. तोरा व प्राचीन इतिहासाची पुस्तके यांस आजचे रूप आले ते या हद्दपारीत आणि तिच्यानंतरच्या दीडदोन शतकांत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्यांचे राज्य गेले, देव्हारा गेला, गाव गेले, अशा माणसांनी जुने कागद गोळा करून हे दप्तर लावले. पराभूत माणूस आपला इतिहास लिहू लागला की त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. शत्रूस दोष द्यावा किंवा गतवैभवाचे पोवाडे गावे. या संकलकांनी तिसरा मार्ग धरला. दोष आपलाच, असे त्यांनी लिहून ठेवले, आणि राजांची नावे घेऊन लिहून ठेवले.

शेजारच्या राज्यांची रीत याहून वेगळी होती. इजिप्तच्या मेर्नप्ताह राजाच्या इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएल हे नाव प्रथम आढळते, आणि ते आढळते ते त्या लोकांचे बीजही उरले नाही अशी फुशारकी मारताना. अश्शूरच्या सन्हेरीबाने इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदावर स्वारी केली. त्याच्या लेखात ४६ तटबंदीची नगरे घेतल्याची, यहूदाचा राजा हिज्कीया यास पिंजऱ्यातील पाखरासारखा कोंडल्याची व त्याजकडून ३० किक्कार सोने घेतल्याची नोंद आहे. यरुशलेम मात्र हाती लागले नाही हे सांगावयास तो विसरतो. राजे या पुस्तकात नगर दैवी चमत्काराने वाचले असे सांगितले आहे. पण त्याच्या आधी, त्याच पानावर, हिज्कीयाने क्षमा मागितली, ३० किक्कार सोने मोजले आणि त्यासाठी मंदिराच्या दारांचा पत्राही सोलून दिला, हे लिहिले आहे. चमत्कार सांगावयाचा असता ही खंडणी गाळणे किती सोयीचे होते!

तसे गाळणारा लेखकही या ग्रंथात आहे, आणि हीच त्यातील मौज आहे. दावीद हा या लोकांचा सर्वांत लाडका राजा. शमुवेलाच्या पुस्तकात त्याची कथा अशी : सैन्य लढाईवर असता राजा घरी राहिला, गच्चीवरून त्याने उरीया नावाच्या शिपायाची बायको बथशेबा हिला पाहिले, तिला आणविले, ती गरोदर राहिली, आणि प्रकरण मिटविण्यासाठी उरीयाला लढाईत पुढे घालून मारावे असा सेनापतीस हुकूम लिहून तो लखोटा उरीयाच्याच हाती दिला. मग नाथान संदेष्टा येऊन एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजा संतापून अपराध्यास मृत्युदंड ठरवितो, आणि नाथान त्यास सांगतो की तो मनुष्य तूच. ही कथा दरबारात लिहिली गेली असेल तर तो दरबार धन्य होय. त्यानंतर काही शतकांनी लिहिलेल्या इतिहास या पुस्तकात तोच प्रसंग आरंभतो. राजे लढाईस निघतात तो ऋतू, दावीद यरुशलेमात राहिलेला, हे सारे आहे. आणि एका वाक्यात आपण थेट शत्रूचे नगर पडल्याच्या वार्तेवर येतो. बथशेबा नाही, उरीया नाही, लखोटा नाही. दावीद पुरता निर्मळ झाला आहे.

जगातील बहुतेक दप्तरांत स्वच्छ प्रत तयार झाली की मळकी प्रत जाळतात. येथे दोन्ही ठेवल्या. शिरगणतीच्या प्रकरणीही तेच. दावीदाने प्रजेची गणती करविली व त्यावरून देशावर मरी आली. शमुवेल म्हणतो, ती बुद्धी त्यास परमेश्वराने दिली. इतिहासकार म्हणतो, सैतानाने दिली. आकडेही जुळत नाहीत. एक म्हणतो इस्राएलचे ८ लक्ष व यहूदाचे ५ लक्ष, दुसरा म्हणतो ११ लक्ष आणि ४ लक्ष ७० हजार. संकलकांस हे दिसले नसेल असे मानणे म्हणजे त्यांस अडाणी ठरविणे होय. त्यांस दिसले, आणि त्यांनी दोन्ही कागद एका दोऱ्यात ओवले.

अशा ग्रंथातून एखादे वाक्य उचलून शास्त्र काय म्हणते ते सांगणे व्यर्थ आहे. शास्त्र एका प्रश्नास अनेकदा दोन उत्तरे देते. याचे सर्वांत बोचणारे उदाहरण योसेफाच्या आख्यानात आहे, आणि दूरच्या मुलुखात राज्यकारभार पाहणाऱ्या वाचकाने ते सावकाश वाचावे अशी आमची विनंती आहे.

योसेफाची गोष्ट आपण सहसा निम्मीच सांगतो. भावांनी विकलेला पोरगा, तुरुंग, फारोचे स्वप्न, सात सुकाळाची वर्षे व सात दुष्काळाची, धान्याची कोठारे, आणि शेवटी भावांची क्षमा. कीर्तनकारास एवढे पुरते. परदेशात हुद्द्यास चढलेला, परक्या राजाची मर्जी संपादिलेला, दूरदृष्टीचा अधिकारी म्हणून योसेफाचे कौतुक सर्वच करतात. परंतु उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात कोठारे उघडल्यावर काय झाले ते दिले आहे. पहिल्या खेपेस मिसरी लोकांनी पैसे देऊन धान्य घेतले. देशातील सारा पैसा फारोच्या खजिन्यात गेला. दुसऱ्या खेपेस त्यांनी गुरे दिली. तिसऱ्या खेपेस त्यांच्यापाशी जमीन आणि अंग एवढेच उरले होते; त्यांनी तेही देऊ केले. योसेफाने फारोसाठी देशातील सर्व जमीन विकत घेतली, फक्त पुरोहितांची सोडली, कारण त्यांस सरकारातून नेमणूक होती. मग लोकांस बियाणे दिले आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा सरकारात भरावा असा कायदा केला. लोक म्हणाले की आपण आमचा जीव वाचविला, आम्ही फारोचे दास होतो. त्याच अध्यायात, या हकिकतीच्या लगत आधी, योसेफाने आपल्या भावांस मिसरातील उत्तम जमीन दिली व त्यांच्या पोरांबाळांस पुरेसा शिधा लावून दिला, हे सांगितले आहे.

लेखक यावर एक शब्दही बोलत नाही. निंदा नाही, स्तुती नाही.

येथे एक पाठभेद आहे, तोही पाहण्यासारखा आहे. प्रचलित हिब्रू पाठात योसेफाने लोकांस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नगरोनगरी हलविले असे वाक्य आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी पाठात त्याच जागी त्याने लोकांस दास केले असे आहे. हिब्रूतील रेश आणि दालेत ही दोन अक्षरे दिसावयास इतकी सारखी आहेत की, हा फरक मुख्यतः त्यांच्या घोटाळ्यातून झाला. एका पाठाने बदली, दुसऱ्याने गुलामगिरी. कोणता पाठ मूळचा याचा वाद विद्वानांनी खुशाल करावा. नकलकाराचा हात नेमका याच शब्दावर अडखळला, हे आम्हांस पुरेसे अर्थपूर्ण वाटते.

मग पान उलटते, निर्गमाचे पुस्तक सुरू होते, आणि योसेफास न ओळखणारा नवा राजा मिसरावर येतो. तो योसेफाच्याच भाऊबंदांस वेठीला धरतो आणि त्यांच्याकडून नगरे बांधून घेतो. कसली नगरे? कोठारांची. हे योगायोगाने झाले असेल असे आम्हांस वाटत नाही. ज्या यंत्राने दुसऱ्यांस दास केले ते यंत्र चालकाच्या नातवंडांस ओळखत नाही, हे लेखकाने सांगितलेले नाही, दोन पुस्तके एकापुढे एक ठेवून दाखविले आहे. आणि त्याच तोरामध्ये पुढे, लेवीयांच्या पुस्तकात, जमीन कायमची विकू नये, पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुळास परत जावी असा नियम येतो. योसेफाच्या जमाबंदीवर नेमका उलटा शेरा. तो शेराही दप्तरात आहे, आणि योसेफाची जमाबंदीही.

बाबेलच्या हद्दपारीविषयी ग्रंथात जे आहे त्यात एक विलक्षण बारीक नोंद आहे. यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन इ. स. पू. ५९७ मध्ये, मंदिर जळण्याच्या अकरा वर्षे आधी, बाबेलास नेला गेला. राजे हे पुस्तक, म्हणजे शतकांची सारी कहाणी, संपते ती या माणसावर. हद्दपारीच्या ३७ व्या वर्षी बाबेलच्या नव्या राजाने त्यास तुरुंगातून काढले, त्याचे कैदेचे कपडे बदलले, आणि तो जन्मभर राजाच्या पंक्तीस जेवला. त्याचा रोजचा शिधा त्यास मिळत गेला. एवढेच. राज्य परत मिळाल्याचे नाही, शाप नाही, आशीर्वाद नाही, शिध्याची नोंद. बाबेलच्या उत्खननात शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या व १९३९ मध्ये त्यांतील काही प्रसिद्ध झाल्या. त्यांत यहूदाचा राजा म्हणून याच यहोयाखीनास व त्याच्या पाच मुलांस दिलेल्या तेलाची मापे आहेत. सुटकेच्या पुष्कळ आधीच्या या पाट्या आहेत. अडीच हजार वर्षांनी एका कारकुनाच्या हिशेबाने दुसऱ्या कारकुनास दुजोरा द्यावा, असे प्रसंग प्राचीन इतिहासात फार नाहीत.

या हद्दपारांस यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमाहून एक पत्र धाडले होते. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांस नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे, असा त्याचा आशय. दोन वर्षांत सारे परत येतील असे सांगणारा दुसरा एक संदेष्टा तेव्हा गाजत होता. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली, आणि देशद्रोही म्हणवून घेतले. हे पत्र वाचून आपण त्याची वाहवा करतो. पण त्याच ग्रंथात १३७ वे स्तोत्र आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे, वाद्ये झाडांना टांगणारे, परक्या भूमीत आपले गाणे कसे गावे असे विचारणारे हे गीत जगभर गाइले जाते. बहुतेक गायक शेवटच्या ओळी सोडतात. त्यांत बाबेलच्या तान्ह्या मुलांस खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. ज्या नगरासाठी प्रार्थना करावयाची त्याच नगराच्या मुलांस हा शाप! पत्र सज्जन आहे, गीत रानटी आहे, आणि दोन्ही एकाच दुःखातून आली आहेत. गीत अर्धे गाणारे त्या दुःखालाही अर्धेच ओळखतात. बदली आणि हद्दपारी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. निवृत्तिवेतनावर परतणाऱ्याने या गीतावर आपला हक्क सांगू नये.

नहेम्याकडे मात्र आपण जवळच्या नात्याने पाहू शकतो. सबंध ग्रंथात अधिकाऱ्याने प्रथमपुरुषी लिहिलेले आत्मवृत्त म्हणावे असे हे एकच. इराणी सम्राट अर्तहशश्त याच्या शूशन येथील राजवाड्यात तो प्यालेबरदार होता. इ. स. पू. ४४५ मध्ये यरुशलेमाचा कोट पडका असल्याची बातमी त्यास कळते. तो उदास तोंडाने सम्राटापुढे जातो, रजा मागतो, आणि सम्राट, शेजारी राणी बसलेली असता, पहिला प्रश्न करतो तो असा की, किती दिवस लागतील आणि परत केव्हा येशील? ज्याने कधी रजेचा अर्ज केला आहे त्यास हे संभाषण शब्दशः खरे वाटल्यावाचून राहणार नाही. नहेम्या मुदत सांगतो, आणि लगेच वाटेवरील सुभेदारांच्या नावे परवाने व लाकडासाठी राजाच्या वनाधिकाऱ्याच्या नावे पत्र मागून घेतो. यरुशलेमास पोचल्यावर तीन दिवस कोणास काही सांगत नाही, रात्री थोडी माणसे घेऊन कोटाची पाहणी करतो, आणि ५२ दिवसांत कोट उभा करतो.

याहून मोठे काम त्याने पाचव्या अध्यायात केले आहे. राजाचा सारा भरण्यासाठी लोकांनी शेते गहाण टाकली, पोरे दास्यात दिली, आणि सावकार आपलेच जातभाई. नहेम्याने सरदारांस सर्वांसमक्ष धारेवर धरले, शेते परत करविली, आणि कर्ज देणाऱ्यांत आपण व आपले बंधूही आहोत हे तेथेच बोलून दाखविले. योसेफाने बांधलेली गाठ येथे दुसऱ्या अधिकाऱ्याने सोडली, असे आम्हांस वाटते. बारा वर्षे त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, आणि तरी त्याच्या पंगतीस रोज १५० माणसे असत. एक बैल व सहा निवडक मेंढरे रोज लागत. हे आकडे त्याने स्वतःच दिले आहेत. मधून मधून तो लेखणी थांबवून देवास म्हणतो की माझे हे काम लक्षात ठेव. आपला गोपनीय अहवाल आपणच लिहून वरिष्ठाकडे धाडणारा हा गृहस्थ थोडा हास्यास्पद आहे खरा; पण त्याने ज्यांचे भले केले त्यांनी तो अहवाल दोन हजार वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला.

आणि त्याच्याच हातून तेरावा अध्यायही उतरला आहे. दुसऱ्या खेपेस यरुशलेमास आल्यावर त्यास दिसले की काही यहुद्यांनी अश्दोदी, अम्मोनी व मवाबी बायका केल्या आहेत, आणि त्यांची निम्मी मुले अश्दोदची भाषा बोलतात. घरची भाषा त्यांस येत नाही. नहेम्या त्या बापांशी भांडला, त्यांस शाप दिले, काहींस मारले व त्यांचे केस उपटले. हे तो अभिमानाने लिहितो. दिल्लीत, कलकत्त्यात, मद्रासेत ज्या मराठी घरांत मुले एकमेकांशी दुसऱ्याच भाषेत भांडतात त्या घरांतील बापास नहेम्याचा संताप समजू शकेल. आम्हांसही तो समजतो. म्हणूनच त्याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

ते उत्तर म्हणजे रूथ. चार लहान अध्यायांची ही कथा केव्हा रचली गेली याविषयी मतभेद आहेत. नहेम्याच्या काळी, त्याच्या धोरणास विरोध म्हणून ती लिहिली गेली असे काहींचे मत आहे. ख्रिस्ती क्रमात ती शास्ते या पुस्तकानंतर, म्हणजे कथेतील काळाप्रमाणे लावलेली आहे, आणि त्यामुळे ती एक गोड जुनी गोष्ट वाटते. हिब्रू क्रमात ती कतूवीमात, ज्या विभागात नहेम्या आहे त्याच विभागात आहे. मवाबी मनुष्यास दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असा अनुवाद या पुस्तकात स्पष्ट निर्बंध आहे. रूथ मवाबी आहे, आणि लेखक तिला पुन्हा पुन्हा मवाबी म्हणतो, वाचकाने विसरू नये म्हणून. विधवा सून विधवा सासूस सोडीत नाही, तिच्यामागून परक्या गावी जाते, सुगीत सरवा वेचते, आणि शेताच्या धन्याशी तिचा विवाह होतो. अखेरीस एक वंशावळ आहे. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. वाद नाही, टीका नाही. नहेम्याने ज्या बापांचे केस उपटले त्यांनी मवाबी बायका केल्या होत्या, आणि मवाबी बाई ही दावीदाची पणजी होती. सासूसुनेच्या कथेत एवढे स्फोटक द्रव्य भरणारा लेखक कोण होता ते कळत नाही. जगातील थोर कथाकारांत त्यास बसविण्यास आम्ही तयार आहोत.

एस्तेरचे पुस्तक याच्या तुलनेने उथळ आहे. त्यात देवाचे नाव एकदाही नाही, आणि शेवटी शत्रूंची ७५ हजार माणसे मारल्याचा आकडा निर्विकारपणे दिलेला आहे. परंतु आपल्या दृष्टीने त्याचे पहिले वाक्य महत्त्वाचे आहे. अहश्वेरोश राजाचे १२७ प्रांत होदूपासून कूशापर्यंत पसरले होते असे ते सांगते, आणि होदू म्हणजे सिंधूकडील मुलूख, हिंद. हिब्रू धर्मग्रंथात आपल्या देशाचे नाव आढळते ते या पुस्तकातच, आणि तेही एका सरकारी हद्दीच्या वर्णनात. राजास झोप येत नाही म्हणून तो दप्तर वाचून घेतो आणि मर्दखयाच्या जुन्या कामगिरीचे बक्षीस द्यावयाचे राहून गेले हे उघडकीस येते, ही त्यातील कल्पना मात्र लेखकास कचेरीचा अनुभव असल्याखेरीज सुचणे कठीण.

या ग्रंथात देवाच्या आज्ञेने केलेले संहारही आहेत, आणि आमच्या विवेचनात ते झाकले जाऊ नयेत. यहोशवाच्या पुस्तकात नगरामागून नगर, बायकामुलांसह, कापून काढल्याचे वर्णन आहे. यरीहो येथे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात केलेल्या उत्खननात असे दिसून आले की, त्या नगराचा मोठा विध्वंस यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या पुष्कळ आधी, इ. स. पू. सोळाव्या शतकात झाला होता. त्यावरून संहाराची कथा बव्हंशी नंतरची रचना असावी असे अभ्यासक म्हणतात. परंतु पुराणवस्तुसंशोधकांपर्यंत जावयासही नको. शास्ते या लगतच्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय सांगतो की या टोळीस त्या नगरातील लोकांस घालविता आले नाही, त्या टोळीस या. ते लोक आजही त्यांच्यात राहतात. सर्व मारले असे एक पान म्हणते आणि सर्व शेजारी आहेत असे दुसरे. म्हणून पहिले पान निरुपद्रवी होत नाही. त्याच्या आधारे पुढच्या काळात दूरदूरच्या खंडांत माणसे मारली गेली, आणि ती मारणारांनी दुसरे पान उघडले नाही. दप्तर प्रामाणिक असले तरी वाचणारा प्रामाणिक असेलच असे नाही.

ईयोबाच्या पुस्तकाविषयी स्वतंत्रपणेच लिहावे लागेल. येथे इतकेच, की देवावर सरळ आरोप करणारा ईयोब खरे बोलला आणि देवाची बाजू मांडणारे त्याचे मित्र खरे बोलले नाहीत, असा निवाडा त्या पुस्तकात देवाच्याच तोंडी आहे. असा निवाडा धर्मग्रंथात ठेवण्यास केवढे धैर्य लागले असेल याचा अंदाज आपणांस आपल्या भवतीच्या पोथ्यांवरूनही करता येईल.

आता ते शेवटचे पान. इतिहासाच्या पुस्तकाची अखेर अशी : मंदिर जळाले, लोक बाबेलास गेले, सत्तर वर्षे भूमी पडून राहिली, आणि मग इराणचा राजा कोरेश, ज्यास इंग्रजी पुस्तके सायरस म्हणतात, त्याने फर्मान काढले की यरुशलेमात देवाचे मंदिर बांधण्याची आज्ञा मला झाली आहे, त्याच्या लोकांपैकी जो कोणी तुमच्यात असेल त्याचा देव त्याच्याबरोबर असो, आणि त्याने वर जावे. एज्राच्या पुस्तकाच्या आरंभी हेच फर्मान आहे, आणि तेथे ते पुढे चालू राहते : कोठे जावे, काय बांधावे, कोणी वर्गणी द्यावी. इतिहासात ते जावे या क्रियापदावर तुटले आहे. कोणी म्हणतात ही नकलकाराची हयगय, कोणी म्हणतात पुढील पुस्तक जोडण्याची खूण. पण हिब्रू क्रमात एज्रा याच्या आधीच येऊन गेलेला असतो. जोडावयास पुढे काही नाही. परक्या सम्राटाचे हुकूमपत्र, परक्या मुलुखात वाचून दाखविलेले, एका क्रियापदावर थांबते, आणि त्याच्याखाली कागद कोरा आहे.